किटच्या पार्ट्सवरचं क्रोम कसं काढता? (इम्पालाचा बंपर, थिनर आणि माझा अंगठा)

फडताळ (धागाकर्ता)
शनिवार, रात्री १०.४५

नमस्कार मंडळी,

१/२५ मापाचं, १९५९ च्या शेवरोले इम्पाला गाडीचं जोडायचं प्लास्टिकचं मॉडेल किट सहा वर्षं फडताळात पडून होतं. यंदा पाऊस लागला, शनिवार-रविवारचं भटकणं बंद झालं आणि शेवटी खोका उघडला.

वडील गिरगावात वाढले. चौपाटीवर उभी राहणारी कुणा शेटची इम्पाला ते अजून हवेत हाताने रेखून दाखवतात. मागे आडवे पसरलेले पंख, त्यांच्या खाली मांजराच्या डोळ्यांसारखे दिवे. पण त्यांच्या आठवणीतली गाडी शोरूममधली नाही. खाऱ्या वाऱ्याने बंपरवर पुटकुळ्या आलेल्या, ग्रिलच्या कोपऱ्यात गंज धरलेला, अशी. मला ती करायचीय.

आणि किटमधले क्रोमचे पार्ट्स बघावेत तर रुखवतात मांडल्यासारखे चमचमणारे. पुढचा बंपर भिंगाखाली धरला तर वरच्या कडेने साच्याची रेघ गेलीय. घासली तर क्रोम जाणार, नाही घासली तर ती दिसणार. पार्ट्स ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडून येतात तिच्यापासून निपरने (छोट्या पक्कडीने) तोडला की तुटल्या जागी तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका उरतो तो वेगळाच. प्लास्टिकचा गोंद तर क्रोमवर धरतच नाही. मागच्या बंपरचे दोन भाग जोडले, रात्रभर चिमटा लावून ठेवले, सकाळी उचलले तर टपकन सुटे.

म्हणून परवा शहाणपणा केला. हार्डवेअरच्या दुकानातला साधा थिनर कापसावर घेतला आणि एका हबकॅपवर फिरवला. क्रोम लगेच निघालं. मग हबकॅपही निघू लागला. सोडायला गेलो तर अंगठ्याला चिकटला. आता त्या हबकॅपवर माझ्या अंगठ्याचा इतका स्वच्छ ठसा आहे की सब रजिस्ट्रारसुद्धा मान्य करेल.

तर प्लास्टिक न दुखावता क्रोम कशाने काढता? घरात मिळणाऱ्या वस्तूंनी होत असेल तर उत्तम. आणि सरसकट काढावं की काही ठेवावं?

---

मोरीतला_केमिस्ट
शनिवार, रात्री ११.३०

ठशाबद्दल सहानुभूती. थिनरमध्ये टोल्यूइन, ॲसिटोन अशी मंडळी असतात आणि आपलं किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, ते त्यांत विरघळतं. नेलपॉलिश रिमूव्हरचंही तेच. दोन्ही या कामातून बाद.

आता मुद्द्याचं. ज्याला आपण क्रोम म्हणतो त्यात क्रोमियमचा कणही नसतो. ते ॲल्युमिनियम आहे. पार्ट्सच्या अख्ख्या फ्रेमवर आधी लाखेसारखं वार्निश चढवतात, म्हणजे पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. मग त्या फ्रेमा एका मोठ्या टाकीत टांगायच्या, हवा उपसून काढायची आणि टंगस्टनच्या तारेवर ठेवलेलं ॲल्युमिनियम तापवून त्याची वाफ करायची. थंडीत खिडकीच्या काचेवर दव धरावं तशी ती वाफ पार्ट्सवर धरते. थराची जाडी मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. मिठाईवरचा वर्खसुद्धा याच्यापुढे जाड म्हणायचा. वेफर्सच्या पाकिटाची आतली चंदेरी बाजू याच पद्धतीने करतात. पार्ट्सवरच्या या ॲल्युमिनियमच्या वर्खावर कधी कधी आणखी एक पारदर्शक हात मारलेला असतो.

म्हणजे काढायच्या गोष्टी दोन आहेत, वर्ख आणि त्याखालचं वार्निश. बहुतेक लोक चुकतात ते इथेच. वर्ख गेला की काम झालं असं समजून रंगवायला बसतात.

वर्खासाठी घरातलं ब्लीच. रिन आला किंवा तसलं कुठलंही सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण चालेल. ते टिकावं म्हणून त्यात थोडा कॉस्टिक सोडा असतोच, आणि अल्कली हा ॲल्युमिनियमचा जन्मजात वैरी. प्लास्टिकच्या डब्यात पार्ट्स ठेवा, बुडतील इतकं ब्लीच ओता, पाणी घालू नका. काही किट्सचं क्रोम दहा मिनिटांत जातं, काहींना रात्र लागते. पॉलिस्टायरीनला त्याने काही होत नाही, विसरलात तरी पार्ट शाबूत राहतो. एक सूचना, धातूचे ॲक्सल, स्क्रू काही लागलेलं असेल तर आधी काढा, गंजतील.

वार्निशाचं सकाळी लिहितो, हिने दिवा बंद केला.

---

शिळोप्या
रविवार, सकाळी ७.१०

वाखूसा (वाचनखूण साठवली). किट एकही नाही, पण माहिती रोचक.

---

बंडोपंत_बोईसर
रविवार, सकाळी ८.२०

केमिस्टसाहेब म्हणतात त्याचा पुरावा आमच्या घरी आहे.

मला कुणीतरी सांगितलं, ब्लीचपेक्षा कॉस्टिक सोडा जलद. खरंच आहे. साबण करायला आणलेला होता घरात, दोन चमचे लिटरभर पाण्यात घातला. फक्त भांडं घेतलं जर्मनचं. आईचं जुनं पातेलं, कुणी वापरत नाही म्हणून. पार्ट्स सोडायच्या आधीच पातेल्याला घाम फुटल्यासारखे बुडबुडे! बाजूंनी, बुडातून, सोडा वॉटरसारखे. मला वाटलं पाणी उकळतंय. पाच मिनिटांत पातेलं आतून काळंठिक्कर. आणि मी मूर्खासारखा त्यात वाकून बघत होतो, चष्मा होता म्हणून डोळे वाचले.

पार्ट्सचं क्रोम मात्र मिनिटभरात गेलं. आईचा राग जायला गणपती उजाडले.

---

मोरीतला_केमिस्ट
रविवार, सकाळी ९.०५

@बंडोपंत_बोईसर, लोक प्रयोगशाळेत जे शिकतात ते तुम्ही पातेल्यावर शिकलात. :) बुडबुडे हायड्रोजनचे. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियमच, ते कॉस्टिकमध्ये विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. पार्ट्सवरच्या वर्खात धातू इतका कमी असतो की वायू दिसत पण नाही. तरी डब्याचं झाकण घट्ट लावून ठेवू नये.

कॉस्टिक वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी गाठीला बांधा. थंड पाण्यात सोडा घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर उसळून अंगावर येतं. आणि डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे. कॉस्टिक त्वचेवर साबणासारखं बुळबुळीत लागतं, ती बुळबुळ म्हणजे तुमच्याच कातडीचा साबण होत असतो. मी स्वतः ब्लीचवरच थांबतो. रात्रभर थांबायला मला काय घाई आहे?

आता वार्निश. वर्ख गेल्यावर पार्ट ओला असताना स्वच्छ दिसतो, सुकल्यावर नीट पाहा. पिवळसर, किंचित पारदर्शक कवच दिसेल. आडव्या उजेडात ग्रिलच्या रेघांमध्ये ते साचलेलं कळतं, गुळाचा पाक खाचेत थिजावा तसं. ते तसंच ठेवून रंगवलं तर एक तर रेघा बुजलेल्या राहतात, आणि गोंद पुन्हा प्लास्टिकवर न लागता वार्निशवर लागतो, म्हणजे जोड परत टपकन सुटणार. यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल. पार्ट्स तासभर ते रात्रभर भिजवायचे आणि जुन्या टूथब्रशने घासायचे. कवच सापाच्या कातीसारखं सुटून येतं. न सुटल्यास पुन्हा भिजवायचं, खरवडायला जायचं नाही.

ब्लीच आणि अल्कोहोल यांच्या मध्ये पार्ट्स आणि डबा भरपूर पाण्याने धुवा. दोन्ही एकत्र आले तर क्लोरोफॉर्म आणि तसलीच विषारी संयुगं तयार होतात. वेगळे डबे वापरा, उत्तम.

---

कर्जत_लोकल
रविवार, सकाळी ९.४०

करोनातलं सॅनिटायझर उरलंय पाच लिटर. चालेल का?

---

मोरीतला_केमिस्ट
रविवार, सकाळी ९.५५

पातळ, पाण्यासारखं असेल तर काम होईल, वेळ जास्त लागेल. जेल असेल तर नको. पातळ सॅनिटायझरमध्येही हात कोरडे पडू नयेत म्हणून थोडं ग्लिसरीन असतं, ते पार्टवर राहिलं तर रंग डोळे मारतो. म्हणजे थेंबाथेंबाने आकसून खाली खड्डे दिसतात. नंतर भांड्यांच्या साबणाने धुवा. पाच लिटर संपवायला मात्र तुम्हाला गाड्यांचा कारखाना काढावा लागेल.

---

सुपारी_कातर
रविवार, सकाळी ११.१५

मॉडेलमधलं मला शून्य कळतं, मुलगा करतो. पण "मोरीत" आणि "ब्लीच" हे शब्द वाचून लिहायला आले.

आमच्याकडे एकदा कामाच्या मावशींनी बाथरूम घासताना फरशीवर ब्लीच ओतलं. डाग गेले नाहीत म्हणून त्यावरच टॉयलेट क्लीनर. दार लोटलेलं, एक्झॉस्ट बंद. मी खोकल्याच्या आवाजाने धावले. पिवळट वास, डोळ्यांतून पाणी, त्यांना हाताला धरून बाहेर ओढलं. त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, आणि माझा घसा दोन दिवस सोललेला. डॉक्टर म्हणाले, क्लोरीन. त्या क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड होतं, बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं. कोण वाचतं?

तुम्ही लोक रात्री अकरा वाजता, दार लावून, घरच्यांना न सांगता हे उद्योग करता. म्हणून सांगते, खिडकी उघडी ठेवा आणि डबा संडासाच्या बाटल्यांजवळ ठेवू नका. डब्यावर चिठ्ठी लावा. दुसरं माणूस सकाळी झोपेत काय ओतेल नेम नाही.

---

फडताळ (धागाकर्ता)
रविवार, सकाळी ११.३२

ताई, चिठ्ठी लावली. "हात लावू नये, यात बंपर आहेत." हिने खाली लिहिलंय, "घराबाहेर काढल्यास हात लावणार नाही."

---

गंजका_खिळा
रविवार, दुपारी १.२०

सगळ्यांची माफी मागून उलटा सूर लावतो. काढताय कशाला?

कारखान्यात वाफेने बसलेला वर्ख आहे तो. त्याची बरोबरी घरच्या कुठल्याही रंगाला नाही. एकदा काढलात की परत तसा चढत नाही. मी गेली वीस वर्षं फक्त जोडाच्या जागी कटरच्या उलट्या कडेने खरवडतो, तिथे उघडं प्लास्टिक झालं की गोंद धरतो. निपरचा पांढरा ठिपका क्रोमच्या पेनने टिपायचा, शक्यतो पार्ट असा फिरवायचा की ठिपका खालच्या बाजूला जाईल. ग्रिल फार चकाकत असेल तर पातळ काळा इनॅमल ओतायचा, खाचांत काळं राहतं, कड्यांवरचं पुसून घ्यायचं. दहा मिनिटांत ग्रिल जिवंत होते. चमक कमी करायची असेल तर मॅट वार्निशचा हलका हात.

फेविक्विक मात्र क्रोमजवळ जपून. त्याची वाफ बसली की पांढरट बुरशी धरल्यासारखं होतं. दोन भागांचा इपॉक्सी बरा.

---

निपर_नाना
रविवार, दुपारी १.५०

खिळेकाकांशी अर्धा सहमत. साच्याची रेघ कुठे आहे यावर सगळं ठरतं. रेघ खालच्या कडेला असेल तर तुमची पद्धत. बंपरच्या कपाळावरून गेली असेल तर मॅट हात मारा नाहीतर काळं ओता, रेघ तिथेच. आणि धागाकर्त्याला गंजलेली गाडी करायचीय. कारखान्याच्या वर्खावर गंज कसा रंगवणार? गंज हा धातू फोडून आतून येतो, वरून शिंपडलेली हळद नसते ती.

---

गंजका_खिळा
रविवार, दुपारी २.०५

गंजाचं मला सांगू नका, आयडी बघा.

ठीक आहे, बंपर काढा. पण हेडलाइटच्या वाट्या आणि टेललॅम्पचा मागचा भाग अजिबात काढू नका. ५९ इम्पालाच्या टेललॅम्पमध्ये तेच तर सगळं आहे. वर्ख तसाच ठेवून त्यावर पारदर्शक लाल, टामियाचा एक्स-२७, दोन हात. आतून उजेड परतून येतो आणि खरा दिवा वाटतो. चंदेरी रंगावर लाल मारलात तर जांभळाच्या सरबतासारखा दिसतो.

---

न्यूजर्सीकर
रविवार, संध्याकाळी ६.४०

इथे पार्सिपनीत आमच्या क्लबात बरेच जण ओव्हन क्लीनर वापरतात. फेस फवारायचा, पार्ट झिप बॅगेत घालून ठेवायचा, वीस मिनिटं. त्यातही कॉस्टिकच असतो, पण वर्ख आणि खालचं वार्निश दोन्ही बऱ्याचदा एका फटक्यात निघतात, हा फायदा. दुसरं, मोटार गॅरेजमधलं जांभळं डीग्रीझर, सुपर क्लीन नावाचं. त्याचा डबा एकदा भरला की महिनोन्महिने चालतो, जुने रंगही त्यातच काढता येतात.

जुने लोक ब्रेक ऑइल सांगतात. रंग निघतो, क्रोमही निघतं, पण जास्त वेळ राहिलं तर काही किट्सचं प्लास्टिक ठिसूळ होतं. बंपरचं टोक कोथिंबिरीच्या काडीसारखं मोडलेलं पाहिलंय. शिवाय बेसिनमध्ये ओतायची चीज नाही ती.

---

मोरीतला_केमिस्ट
रविवार, संध्याकाळी ७.१०

अवांतर: अमेरिकन गाड्यांची किट्स प्रसिद्ध करणारी एएमटी. १९४८ ला मिशिगनमध्ये सुरू झाली. नावाचं पूर्ण रूप ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज, कारण पहिली गाडी ॲल्युमिनियमची ओतलेली होती. लगेच प्लास्टिकवर गेले, आणि १९५८ पासून ती "एका खोक्यात तीन प्रकारे बनवा" वाली वार्षिक किट्स काढली. म्हणजे नावातला धातू पार्ट्सवरून गेला आणि वर्ख होऊन परत पार्ट्सवर बसला. बंडोपंत, तुमच्या आईच्या पातेल्याचे लांबचे नातेवाईक.

---

गनप्ला_गण्या
रविवार, रात्री ९.३०

मी रोबोवाला, गाड्यांच्या धाग्यात घुसतोय. सोनेरी पार्ट्सचं काय? ब्लीचमध्ये दोन दिवस ठेवले, ढिम्म. सोनं कसं शोभून राहिलंय.

---

मोरीतला_केमिस्ट
रविवार, रात्री ९.४५

क्रम उलटा करा. सोनेरी म्हणजे तोच ॲल्युमिनियमचा वर्ख आणि वरून पारदर्शक पिवळा हात. तो हात ब्लीचला आत शिरूच देत नाही. आधी धुवा, मग अल्कोहोलमध्ये ठेवा, पिवळा रंग सुटून खाली चंदेरी निघेल. चंदेरीच हवं असेल तर तिथेच थांबा, फुकटात चांदीचा रोबो. नको असेल तर परत धुवून ब्लीच, मग पुन्हा अल्कोहोल.

---

गनप्ला_गण्या
रविवार, रात्री ११.२०

बाबो! छातीचा पार्ट अर्ध्या तासात चांदीचा झाला. थांबतो इथेच. सोनाराने फसवल्यावर असंच वाटत असेल.

---

फडताळ (धागाकर्ता)
मंगळवार, रात्री १०.१५

अपडेट.

पहिला दिवस फुकट. रविवारी सकाळी पार्ट्स ब्लीचमध्ये टाकले, रात्री बघतो तर जसेच्या तसे. बाटली उलटी करून पाहिली तर मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीची. दोन उन्हाळे गॅलरीत काढलेली. सोमवारी नवीन आणली.

नव्या ब्लीचमध्ये चार मिनिटांनी पहिली हालचाल. बंपरच्या कडांपासून सुरुवात होते, कारण तिथे वरचा हात सर्वात पातळ. आधी चमक काळसर होते, मग कडेला एक पांढरी रेघ उगवते आणि ती आत सरकत जाते, ओहोटीला वाळू उघडी पडावी तशी. ग्रिलच्या खाचांत मात्र चंदेरी बराच वेळ दबा धरून बसली. साधारण चाळीस मिनिटांत सगळं साफ. पुसायला लागलं नाही, डबा हलवला की राखेसारखं काहीतरी तरंगून जायचं. खालचं प्लास्टिक पांढरं निघालं.

धुवून वाळवले आणि केमिस्टसाहेब म्हणाले तो पिवळा पाक दिसला. नुसत्या डोळ्यांनी बघून मी शपथेवर सांगितलं असतं की पार्ट स्वच्छ आहे. टॉर्च आडवा धरला तेव्हा ग्रिलच्या खाचा अर्ध्या भरलेल्या. अल्कोहोलमध्ये रात्रभर. सकाळी मुलीचा जुना टूथब्रश घेतला (तिच्या मते तो जुना नव्हता), ग्रिलवर आडवा फिरवला आणि खाचेतून पिवळी पापडी अख्खी लांब सुटून आली. खाली जाळीच्या प्रत्येक काडीला धार. ही धार खोक्यातून काढताना नव्हतीच. म्हणजे वार्निशाने बारकावा इतका खाल्ला होता! गाडी जेमतेम २१ सेंमी लांब, त्यात ग्रिलची काडी केवढी असणार, विचार करा. खिळेकाका, यासाठी तरी काढायला हवं होतं.

धुताना पार्ट्स चहाच्या गाळणीत धरले. हबकॅप आणि आरसे नळाखाली सुळकन जातात. गाळणी आता माझी झालीय, घरात नवी आली.

हेडलाइटच्या वाट्या, टेललॅम्प आणि बाहेरचा एक आरसा काकांच्या सल्ल्याने बाजूला ठेवलेत, क्रोमसकट.

आता पुढे? बंपरची रेघ घासली, वॉटरपेपर ८०० आणि मग १५००. जोड गोंदाने असा धरलाय की आता तोडायला करवत लागेल. रंग कसा चढवू?

---

निपर_नाना
मंगळवार, रात्री १०.५०

जिथे चमक हवी तिथे आधी काळा ग्लॉस. आणि तो खराखुरा चकचकीत हवा, तोंड दिसायला पाहिजे. वरच्या चंदेरीची चमक सगळी त्या काळ्यावर अवलंबून. वाळायला दोन दिवस द्या, पावसाळ्यात तीन. मग ॲलक्लॅड कंपनीचा क्रोम रंग एअरब्रशने (हवेने रंग फवारणाऱ्या पेनने), हवेचा दाब कमी, १२ ते १५ पीएसआय, दोन-तीन इंचांवरून धुक्यासारखा पातळ. एका जागी रेंगाळलात की राखाडी होतो. हाताला लागू देऊ नका.

मोलोटोचा क्रोम पेन सोपा आणि चमकही जबरदस्त, पण वाळायला आठवडा धरा, आणि वर वार्निश मारलं की आरशाचा पत्रा होतो. बोटाचा ठसाही पटकन धरतो, जे तुमच्या बाबतीत काळजीचं आहे.

खिडक्यांच्या पट्ट्यांना बेअर मेटल फॉइल. पातळ चिकट बेगड, जागेवर दाबायची, कापसाच्या काडीने घासायची, नव्या पात्याने कडेने कापायची. इथे महाग पडतं. स्वयंपाकघरातली फॉइल लावून पाहायला जाऊ नका, जाड आहे, कोपऱ्यात चुरगळते.

---

गंजका_खिळा
मंगळवार, रात्री ११.१०

तुमची गाडी गंजकी आहे ना, मग चकाकीच्या मागे लागू नका. सगळीकडे काळा ग्लॉस नकोच. बंपरच्या खालच्या कडेला आणि बोल्टच्या भोवती गडद तपकिरी मारा, त्यावर स्पंजाचा तुकडा मिठाच्या पाण्यात बुडवून टिपा, मिठाचे दाणे सुकू द्या. मग वरून काळा आणि क्रोम. शेवटी ओल्या ब्रशने मीठ घासलं की दाण्याखालचा तपकिरी उघडा पडतो. पुटकुळ्या! वडिलांना दाखवा.

आणि एक, टायर. जुन्या किटचे टायर मऊ व्हिनाइलचे असतात, त्यातलं तेल वर्षानुवर्षांनी चाकाचं प्लास्टिक खातं. क्रोम आणि वार्निश असेपर्यंत थोडा आडोसा होता, तो तुम्ही काढलात. चाकाच्या ज्या भागाला टायर टेकतो तिथे फॉइलची एक पट्टी गुंडाळा.

---

कर्जत_लोकल
बुधवार, सकाळी ८.१०

माझ्या स्कूटरच्या पुढच्या नावाच्या अक्षरांचं क्रोम सोलतंय. ते पण ब्लीचने निघेल?

---

मोरीतला_केमिस्ट
बुधवार, सकाळी ८.३०

नाही. ते खरं क्रोम. एबीएस प्लास्टिकवर आधी तांबं, मग निकेल आणि वर क्रोमियम, सगळं विजेच्या मुलाम्याने चढवलेलं. घरातल्या ब्लीचने तो मुलामा निघणार नाही. ते काढायची रसायनं घरात आणण्यासारखी नाहीत. नवीन अक्षरं घ्या, दोन-तीनशेत मिळतील. सॅनिटायझर मात्र जपून ठेवा.

---

सुपारी_कातर
बुधवार, सकाळी ९.००

वापरलेल्या ब्लीचचं काय करायचं असतं? मुलाने विचारलंय. (म्हणजे सुरू झालं आमच्याकडेही.)

---

मोरीतला_केमिस्ट
बुधवार, सकाळी ९.१२

भरपूर पाणी सोडून मोरीत, त्या वेळी दुसरं काही न ओतता. दोन-तीन खेपा वापरून संपवा, कमजोर झालं की कळतंच. परत बाटलीत भरून ठेवू नका, आणि पाण्याच्या बाटलीत तर मुळीच नाही.

---

फडताळ (धागाकर्ता)
पुढचा रविवार, संध्याकाळी ७.३०

मिठाची युक्ती जमली. बंपरच्या डाव्या कोपऱ्यात तीन पुटकुळ्या अशा आल्यात की नखाने उकराव्याशा वाटतात. वडिलांना दाखवला. चष्मा वर करून बराच वेळ डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "उजवीकडे जास्त होतं. समुद्र उजवीकडे होता." आता उजवीकडे परत मीठ.

टेललॅम्पवर लाल दोन हात झाले. काका, तुम्ही म्हणाला होता तसाच आतून पेटतो.

एक आरसा मात्र चार दिवस सापडत नव्हता, तो क्रोमसकट बाजूला ठेवलेला. टेबलाखाली टॉर्च, केरसुणी, मोरीची जाळी उघडून झाली. हिच्यावर नाहक आळ घेऊन झाला. आज ब्लीचचा डबा मोरीत रिकामा केला, तर तळाशी पांढराशुभ्र.

---

गंजका_खिळा
पुढचा रविवार, संध्याकाळी ७.४१

अल्कोहोलमध्ये टाका आता. पाक राहिला असेल.